पाणी खालून जातंय आणि आपण पॅकिंग वरचं बदलतोय

माजलगाव तालुक्यातल्या एका तरुण मिस्तऱ्याने विचारलंय. तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर, उसाच्या ट्रॉल्या ओढणारा. लायनर (पिस्टन ज्या नळीत वर-खाली होतो ती) आणि पिस्टनचा किट टाकून इंजिन नव्याने बांधलं. चौथ्या दिवशी रेडिएटरात पाणी कमी. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवलं, इंजिन हाताने फिरवत तिन्ही पिस्टनची डोकी घासून साफ केली, हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग नवं टाकलं. आठ दिवसांत ऑईल चहासारखं झालं. पुन्हा हेड उतरवलं, लेथवर फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग सपाट करून आणलं, तिसरं पॅकिंग टाकलं. तरी तेच. मालक दारात उभा, कारखान्याचा हंगाम चालू. आता त्याचं म्हणणं, “काका, इंजिन बांधायचा नेमका क्रम सांगा, म्हणजे पाणी गळणार नाही.”

भाऊ, क्रम सांगतो, पण आधी तुमच्याच एका वाक्यावर बोट ठेवतो. “इंजिन हाताने फिरवत पिस्टनची डोकी साफ केली.” फिरवताना लायनर दाबून धरले होते का? नसणारच, कारण आपल्याकडं शंभरातले नव्वद जण धरत नाहीत. मीही पहिली सात-आठ वर्षं धरले नव्हते.

ओला लायनर, म्हणजे ज्याच्या बाहेरून थेट पाणी खेळतं तो, ब्लॉकमध्ये नुसता बसवलेला असतो. वरच्या कॉलरवर हेड दाबून बसतं आणि खाली दोन-तीन रबरी ओरिंग पाणी अडवतात. हेड काढलं की त्याला वरून धरणारं काही उरत नाही. अशा वेळी क्रँक फिरवला की पिस्टन वर येताना रिंगच्या घर्षणाने लायनर केसभर उचलतो आणि खाली जाताना पुन्हा बसवतो. डोळ्याला दिसत नाही. पण ओरिंगने आपली जागा पकडलेली असते, ती सुटते. कधी ओरिंगला पीळ पडतो, कधी कॉलरखाली कार्बनचा कण जातो. म्हणजे पहिल्यांदा हेड पॅकिंगचा दोष असेलही, पण दुसऱ्या वेळेपासून गळती तुम्ही स्वतःच तयार केली असण्याची शक्यता मोठी आहे. वर कितीही पॅकिंग बदला, पाणी खालून जातंय.

याची खात्री हेड न उतरवता करता येते. ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवा. सकाळी सेल मारायच्या आधी चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑईलच्या टाकीचा, ड्रेन नट अर्धवट ढिला करा. पाणी ऑईलपेक्षा जड, तळाला बसलेलं असतं, म्हणून आधी पाण्याची धार येईल आणि मग ऑईल. इंजिन बंद असताना रात्रीतून रेडिएटरची पातळी उतरली आणि खाली जमिनीवर थेंब नाही, तर संशय लायनरच्या ओरिंगवर किंवा तडा गेलेल्या ब्लॉकवर. पॅकिंग कंबशनच्या, म्हणजे डिझेल जळतं त्या बाजूने फुटलं असेल तर लक्षण वेगळं असतं: इंजिन चालू करताच रेडिएटरात बुडबुडे, होजपाईप थंड असतानाच कडक, ओव्हरफ्लोतून पाणी बाहेर. पॅकिंग पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) भोकाकडं फुटलं तर मात्र तिथूनही पाणी ऑईलमध्ये येतं, म्हणून नुसत्या लक्षणावर निकाल देऊ नका.

आता क्रम. पुस्तकात भागांची यादी असते, आधी हे मग ते. ती बरोबरच असते, पण पाण्यासाठी मी वेगळा हिशेब धरतो. पाणी अडवणारा प्रत्येक जोड कोणत्या भागाखाली झाकला जाणार आहे ते बघायचं, आणि झाकायच्या आधी त्यात पाणी भरून बघायचं. एवढ्या एका हिशेबावर क्रम आपोआप लागतो, आणि तो पुस्तकाच्या क्रमापेक्षा दोन ठिकाणी वेगळा निघतो. ती ठिकाणं पुढं येतील.

सुरुवात नागड्या ब्लॉकपासून. सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. आपल्याकडचं बोअरवेलचं पाणी जड, कॅल्शियम-मॅग्नेशियमने भरलेलं. काळ्या दगडातून येतं ते. उकळलं की क्षार बसतात, घरच्या पातेल्याला बसतात तसेच. ब्लॉकच्या पोटात, त्यातही पंपापासून लांबच्या सिलिंडरमागं, मी अर्धा बोट जाडीचा पांढरा थर काढलेला आहे. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, त्या साली तर लोकांनी रेडिएटरात काय काय ओतलं असेल, देव जाणे. पुढची दोन वर्षं ती इंजिनं माझ्याकडं येत होती.

हा थर लायनरच्या खालच्या कड्यावर, म्हणजे जिथं ओरिंग टेकते तिथं असला, तर नवी ओरिंग खडबडीत जागेवर बसते. तिथं बारीक पॉलिश पेपर हाताने, गोलाकार फिरवायचा. ग्राइंडरला लावलेला तारेचा ब्रश तिथं नको, ओरखडे पडतात आणि त्याच ओरखड्यातून पाणी वाट काढतं. गंजाने खड्डे पडले असतील तर तसंच बसवू नका, लेथवाल्याला दाखवा. वरच्या बाजूला कॉलर ज्या पायरीवर बसते तो कोपरा अणकुचीदार पट्टीने खरवडून काढायचा. तिथं नखाच्या टोकाएवढा कचरा राहिला तरी लायनर तिरका बसतो.

याच वेळी वेल्च प्लग, म्हणजे ब्लॉकच्या भोकांना लावलेली पत्र्याची बुचं. बाजूची बुचं नंतरही बदलता येतात. पण काही इंजिनांत एक बूच मागं, फ्लायव्हीलच्या (इंजिनामागच्या जड चाकाच्या) प्लेटआड असतं. ते गळलं की ट्रॅक्टर पुन्हा मधून फोडावा, म्हणजे इंजिन मागच्या भागापासून सुटं करावं लागतं. एवढ्याशा बुचासाठी दोन दिवसांची मजुरी जाते, आणि ती मालक देत नाही. इंजिन खाली आहे तेव्हा ते बदलूनच टाका, चांगलं दिसत असलं तरी.

मग लायनर. आधी ओरिंग न लावता, कोरडा. हाताने सोडला की आपल्या वजनाने खाली बसला पाहिजे आणि हाताने फिरला पाहिजे. अडकत असेल तर ठोकू नका, कशाला अडकतोय ते शोधा. बसला की कॉलर ब्लॉकच्या पृष्ठभागापेक्षा किती वर आहे ते चार बाजूंनी मोजा. डायल गेज उत्तम. नसेल तर सरळ पट्टी आणि फिलर गेज. हा आकडा इंजिनागणिक वेगळा, पण असतो मिलिमीटरच्या शतांशांत, म्हणजे 0.05, 0.08, 0.10 अशा घरात. आपल्या इंजिनाच्या पुस्तकातलाच धरायचा. कॉलर वर राहिली तरच हेड तिला दाबतं. खाली गेली तर पॅकिंग तिथं सैल राहतं, आणि शेजारच्या दोन लायनरमध्ये फरक जास्त असला तर पॅकिंगची मधली पट्टी आधी जळते. कमी भरली तर कॉलरखाली घालायला शिम, म्हणजे पातळ चकत्या, मिळतात. पॅकिंगला सिलिकॉन थापून ही उंची भरून निघत नाही. हे मी लोकांना इतक्या वेळा सांगितलंय की माझी पोरं आता नक्कल करतात.

तुम्ही हेड फेसिंग करून आणलंत, त्याला माझी हरकत नाही. पण लायनरची उंची मोजली का, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

कोरडी मापं बरोबर आली की ओरिंग. खोबणीत बसवल्यावर ओरिंगखालून पेन्सिल किंवा गुळगुळीत काडी घालून एक फेरा गोल फिरवा, पीळ निघून जातो. वंगण म्हणून साबणाचं पाणी. इंजिन ऑईल लावायची आपल्याला सवय आहे, पण काही ओरिंग ज्या रबराच्या असतात ते खनिज तेलाने फुगतं. फुगलेली ओरिंग लायनरला आतून दाबते, लायनरचा बोअर, म्हणजे आतली पोकळी, खालच्या बाजूला अंडाकृती होतो आणि पिस्टन धरतो. मग सगळे पिस्टनला शिव्या देतात. किटवर ऑईल लावा असं छापलं असेल तर लावा, नाहीतर साबण. लायनर दोन्ही तळव्यांनी सरळ खाली दाबायचा, शेवटचा धक्का लाकडी ठोकळ्याने. बसल्यावर बोअर खालून पुन्हा मोजा आणि उंचीही पुन्हा मोजा. ओरिंगचं रबर लायनरला थोडं वर ढकलतं, म्हणून मोजताना तो दाबून धरावा लागतो.

आणि इथून पुढं, हेड बसेपर्यंत, लायनरवर पकडी. काही विकत आणायची गरज नाही. जाड वॉशर, त्याखाली लोखंडी नळीचा तुकडा, आणि हेडच्याच बोल्टच्या भोकात बोल्ट. प्रत्येक लायनरला दोन. माझ्याकडं अशा बारा पकडी एका डालड्याच्या जुन्या डब्यात आहेत आणि कुणी मागायला आलं तर देत नाही, परत येत नाहीत.

पहिली परीक्षा आता. वॉटर पंपाच्या तोंडावर पत्र्याची झडप आणि रबर लावून बंद करा, ब्लॉक काठोकाठ पाण्याने भरा, खाली कोरडे वर्तमानपत्र पसरा आणि रात्रभर सोडा. सकाळी कागद ओला असेल तर कुठल्या लायनरखाली ओला आहे ते सरळ दिसतं. या पाण्याला दाब नसतो, म्हणून ही अर्धीच परीक्षा. पण पिस्टन घालायच्या आधीची आहे, चूक निघाली तर नुकसान फक्त ओरिंगचं.

क्रँक, बेअरिंग, पिस्टन यांचा पाण्याशी संबंध नाही, ते आपल्या नेहमीच्या पद्धतीने करा. फक्त क्रँक फिरवताना पकडी घट्ट आहेत ना बघा.

पुस्तकात यानंतर बहुतेकदा चेंबर लागतं. मी ते थांबवतो. हा पहिला फरक. चेंबर लावलं की लायनरच्या खालच्या बाजू कायमच्या झाकल्या जातात, आणि खरी परीक्षा तर हेड बसल्यावरच घेता येते. आपल्याकडच्या पुष्कळ ट्रॅक्टरांत चेंबर म्हणजे जाड कास्टिंग असतं, पुढचा अ‍ॅक्सलचा सपोर्ट त्यालाच जोडलेला. एकदा इंजिन चढवलं की ते काढणं म्हणजे पुन्हा मोठं काम. म्हणून इंजिन स्टँडवर असतानाच हेड बसवून घ्या.

हेड बसवायच्या आधी त्याचीही परीक्षा हवी. गरम पाण्याच्या टाकीत हवा भरून तपासणारे लेथवाले जालन्यात, लातुरात, संभाजीनगरला आहेत. थंड पाण्यात न दिसणारा तडा गरम केल्यावर उघडतो. इंजेक्टरच्या तांब्याच्या बुशा असतील तर त्याही त्यातच कळतात. फेसिंग करून आणलेलं हेड पट्टीवर स्वतः तपासा: लांबीला, रुंदीला आणि दोन्ही कर्णांवर. लेथवाल्यावर विश्वास ठेवा, पण पट्टी फिरवूनच.

आता बोल्टची भोकं. इथं माझ्या आयुष्यातली सगळ्यात महागडी चूक सांगतो. शिकाऊ असताना, ज्या गॅरेजात होतो तिथं ब्लॉक धुतल्यावर भोकातलं पाणी आम्ही फडक्याने टिपलं आणि हेड कसलं. एका बंद भोकात तळाशी चमचाभर पाणी राहिलं होतं. पाणी दबत नाही. बोल्ट खाली गेला, पाण्याला जायला जागा नाही, आणि ब्लॉकचा कोपरा ‘टक्’ करून उकलला. तो आवाज अजून कानात आहे. तेव्हापासून प्रत्येक भोकात आधी आटे साफ करणारा टॅप, मग हवेचा फवारा, मग तार घालून बघणं. जी भोकं आरपार पाण्याच्या पोकळीत उघडतात, त्यातल्या बोल्टच्या आट्यांना सीलंट लावायचं, नाहीतर पाणी आट्यांवरून चढत बोल्टच्या डोक्याखाली येतं आणि आपण पुन्हा पॅकिंगला दोष देतो. कोणतं भोक बंद, कोणतं उघडं, ते तारेनेच कळतं.

पॅकिंग कोरडं. वरची बाजू छापलेली असते, ती वर. ग्रीस नको, सिलिकॉन नको, शेलॅक नको, जोवर पॅकिंगच्या पाकिटावर तसं सांगितलेलं नाही. पाण्याची आणि ऑईलची भोकं ब्लॉकशी जुळतात का ते हेड ठेवायच्या आधी नजरेने बघा. चुकीच्या मॉडेलचं पॅकिंग बोल्टवर बरोबर बसतं आणि पाण्याचं एखादं भोक मात्र झाकून टाकतं.

काही इंजिनांत हेड एकच नसतं, प्रत्येक सिलिंडरला वेगळं असतं. तिथं क्रमाचा दुसरा फरक येतो. वेगवेगळी हेडं आधी पूर्ण कसली आणि मग मॅनिफोल्ड, म्हणजे हवा-धुराचा सामायिक पाईप, लावायला गेलं, तर त्यांची तोंडं एका रेषेत नसतात. मॅनिफोल्ड ओढूनताणून बसतो, आणि पाण्याचा सामायिक पाईप असेल तर तो महिन्याभरात गळतो. म्हणून हेडं हातघट्ट ठेवायची, मॅनिफोल्ड किंवा सरळ पट्टी लावून तोंडं एका रेषेत आणायची, आणि मग हेड कसायची. मॅनिफोल्डचा शेवटचा टॉर्क त्यानंतर.

कसायचं मधून बाहेर, गोगलगाईच्या शंखासारखं, आणि तीन टप्प्यांत. सीलंट न लावलेल्या आट्यांना आणि वॉशरखाली ऑईलचं बोट. टॉर्क पाना घेताना एकक बघा. आपल्याकडं कुणाचा पाना किलोग्रॅम-मीटरचा, कुणाचा फूट-पौंडाचा, आणि पुस्तक न्यूटन-मीटरमध्ये. एक फूट-पौंड म्हणजे 1.36 न्यूटन-मीटर, एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे 9.8. पुस्तकात 100 फूट-पौंड असताना पाना 100 न्यूटन-मीटरवर लावला तर हेड चौथा हिस्सा सैल राहतं. उलट झालं तर बोल्ट ताणला जातो. “हाताला अंदाज आहे” म्हणणाऱ्या उस्तादांचा मला आदर आहे, मीही त्यांच्याच हाताखाली शिकलो. पण चार-पाच बोल्टांना एकसारखा अंदाज लागत नाही, हे पाना लावून त्यांनाच दाखवलं होतं. ते हसले आणि पाना विकत आणला.

आता खरी परीक्षा. पंपाच्या आणि थर्मोस्टॅटच्या (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) तोंडावर जाड पट्ट्या रबर घालून बंद करा. एका पट्टीला सायकलच्या जुन्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवून घ्या. पोकळी पाण्याने पूर्ण भरा, हवा राहू देऊ नका, आणि हातपंपाने दाब द्या. रेडिएटरच्या झाकणावर जो आकडा असतो तेवढाच, 0.9 बार असेल तर 0.9. कॉम्प्रेसरची नळी थेट लावू नका. अर्धा तास थांबा, इंजिन आडवं करून खालून टॉर्च मारा. काटा उतरला नाही आणि लायनर कोरडे, की मग चेंबर लावा.

इथून पुढं सोपं, पटापट होतं. टायमिंग कव्हरचे (पुढच्या गिअरवरच्या झाकणाचे) बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, काढतानाच पुठ्ठ्यावर कव्हराचं चित्र काढून त्यात खोवून ठेवायचे. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तळाला टेकतो, कव्हर सैलच राहतं. जिथं तीन पृष्ठभाग एका कोपऱ्यात भेटतात, तिथं हरभऱ्याएवढं सिलिकॉन, जास्त नको. जास्त लावलेलं आतल्या बाजूला लोंबतं, तुटतं आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत अडकतं. वॉटर पंपाच्या पोटाखाली एक छोटं भोक असतं. त्यातून पाणी आलं तर आतलं सील गेलंय असा त्याचा अर्थ. एकाने ते एम-सीलने बुजवून आणलं होतं. पाणी बेअरिंगमध्ये गेलं, पंप जाम झाला, पट्टा तुटला.

थर्मोस्टॅट लावताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडं, आणि हवा सोडणारी हलती पिन असेल तर ती वर. उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाकायची आपल्याकडं जुनी रीत आहे. पुष्कळ इंजिनांत तोच उघडताना बायपासची वाट बंद करतो. काढला की काही पाणी रेडिएटरला न जाता तसंच आत फिरत राहतं, आणि मे महिन्यात 42-43 अंशांत इंजिन उलट जास्त तापतं.

पाणी भरताना हळू, हवा सोडायचा स्क्रू असेल तर तो उघडा ठेवून. बोअरवेलचं नको. आरओचं किंवा डिस्टिल्ड, आणि त्यात कूलंट अर्धंअर्धं. आपल्याकडं पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, हा प्रश्न मला दर हप्त्याला येतो. गंजासाठी, आणि लायनरसाठी. ओला लायनर चालताना थरथरतो, बाहेरच्या बाजूला बारीक बुडबुडे फुटतात आणि धातूला टाचणीएवढी भोकं पाडतात. कूलंटमधली द्रव्यं ते आवरतात. झाकणही नीट हवं, 0.9 बारच्या दाबात पाणी 118 अंशांच्या आसपास उकळतं, सैल झाकणात शंभरालाच. गळतीवर हळद टाकणारेही आहेत. वसमतची हळद भाजीत घाला, रेडिएटरात नको.

थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवा, थंड होऊ द्या, पातळी बघा. पुस्तकात हेड पुन्हा कसायला सांगितलं असेल तर कसा, आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, त्यानंतर लावा. आधी लावलेले टॅपेट हेड कसल्यावर बदलतात.

तुमच्या ट्रॅक्टरचं आता सांगतो. चौथं पॅकिंग आणू नका. हेडला हात न लावता इंजिन खाली घ्या, चेंबर काढा, वर सांगितल्यासारखा दाब देऊन खालून बघा. चेंबर उघडलंच आहे तर मेन आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचे कप, म्हणजे आतल्या अर्धगोल पट्ट्या, काढून बघा, कारण चहासारख्या ऑईलवर आठ दिवस ऊस ओढलाय. काळपट डाग किंवा सोललेला थर दिसला तर कप बदलावे लागतील, आणि हे मालकाला उघडायच्या आधीच सांगून ठेवा. थेंब कोणत्या लायनरखालून येतो ते मला कळवा. माझा अंदाज फ्लायव्हीलकडच्या लायनरचा आहे. पंपापासून लांब म्हणून क्षारांचा थर तिथंच जास्त बसतो, आणि घाईत तिथलं कडं साफ करायचं राहून जातं.